गेमची पेटी तयार, पण स्क्रीन काळी?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, ‘‘आता तो मोबाइल खाली ठेव.’’ इंदूरच्या आमच्या घरी बाबांनी यावर वेगळाच उपाय शोधला. निवृत्तीनंतर त्यांच्या हाताशी वेळ होता आणि माळ्यावर जुन्या कॉम्प्युटरचा १७ इंची मॉनिटर पडून होता. ताई आणि माझा ११ वर्षांचा भाचा नागपूरहून यायच्या आत घरातच पूर्वीच्या व्हिडिओ गेम पार्लरसारखी पेटी उभी करायची, असं त्यांनी ठरवलं.

सुताराकडून प्लायवूडची पेटी करून घेतली, वर सनमायका लावला. जॉयस्टिक आणि रंगीत बटणं मागवली. आत बसवायला एटीएम कार्डाएवढा ‘रास्पबेरी पाय ४’ हा छोटा संगणक आणला. जेवणाच्या टेबलावर सगळं जोडून पाहिलं, तर गेम झकास चालला. मग सामान पेटीत बसवलं, बाहेर एकच बटण ठेवलं आणि भाच्याच्या हस्ते उद्घाटन केलं. बटण दाबलं. मॉनिटरवर दोन शब्द आले, ‘नो सिग्नल’. त्यानंतर स्क्रीन काळी.

पुढच्या चार दिवसांत बाबांनी नवी केबल आणली, मग नवा कन्व्हर्टर, मग नवं मेमरी कार्ड. स्क्रीन काळीच. पाचव्या दिवशी ते म्हणाले, ‘‘राहू दे. हे आमच्या वयाचं काम नाही.’’ पैसे गेल्यापेक्षा हे वाक्य जास्त लागलं.

पेटीत काहीच बिघडलेलं नव्हतं, हे नंतर कळलं. तुम्हीही घरी अशी पेटी केली असेल किंवा करणार असाल, तर नवी वस्तू विकत आणण्याआधी पुढच्या गोष्टी क्रमाने तपासा.

काळी स्क्रीन म्हणजे एकच बिघाड नव्हे

आपण सगळ्यालाच ‘डिस्प्ले येत नाही’ म्हणतो. पण मॉनिटर नेमकं काय दाखवतो, यावरून अर्धा शोध तिथेच संपतो.

* मॉनिटरचा दिवाच लागत नसेल, तर प्रश्न विजेचा आहे. गेमच्या बोर्डाकडे जाऊच नका. आधी प्लग, वायर आणि मॉनिटरचा अ‍ॅडॉप्टर पाहा.

* ‘नो सिग्नल’ किंवा ‘चेक केबल’ असं दिसलं, तर मॉनिटर ठीक आहे. त्याच्यापर्यंत काहीच पोहोचत नाही, इतकंच तो सांगतोय.

* ‘आउट ऑफ रेंज’ किंवा ‘इनपुट नॉट सपोर्टेड’ असं दिसलं, तर चक्क आनंद माना. बोर्ड, केबल, कन्व्हर्टर सगळं चालू आहे. फक्त पाठवलेलं चित्र या मॉनिटरच्या आवाक्याबाहेरचं आहे. हा प्रश्न सेटिंग बदलून सुटतो.

* इंद्रधनुष्यासारखा रंगीत चौकोन दिसून तिथेच अडकला, तर चित्राचा मार्ग पूर्ण मोकळा आहे. पुढची सिस्टीम सुरू होत नाही. अशा वेळी मेमरी कार्ड आणि त्यावरची सिस्टीम तपासा.

म्हणून पहिलं काम म्हणजे स्क्रीनवर जे शब्द येतात ते जसेच्या तसे लिहून ठेवा. ते दोन-तीन सेकंदच दिसतात, त्यामुळे मोबाइलने फोटो काढलेला बरा.

आधी मॉनिटर निर्दोष आहे का ते पाहा

बऱ्याच मॉनिटरना दोन-तीन इनपुट असतात. आपण केबल एचडीएमआयला लावतो आणि मॉनिटर व्हीजीएवर वाट पाहत बसलेला असतो. मॉनिटरच्या ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ बटणाने योग्य इनपुट निवडा.

मग घरातला लॅपटॉप किंवा सेट टॉप बॉक्स त्याच केबलने, त्याच कन्व्हर्टरमधून त्याच मॉनिटरला जोडा. चित्र आलं तर मॉनिटर, केबल आणि कन्व्हर्टर या तिन्हींवरचा संशय बराच कमी होतो. आता उलट करा. गेमचा बोर्ड घरातल्या टीव्हीला एचडीएमआय केबलने जोडा. तिथे गेम दिसला तर बोर्डही ठीक आहे. या दोन चाचण्यांना एक रुपयाही लागत नाही. बाबांनी त्या आधी केल्या असत्या, तर बाजाराच्या तीन फेऱ्या वाचल्या असत्या.

बोर्डाला पोटभर वीज मिळते का?

बोर्डाला वीज कमी पडली, तर तो अर्धवट चालू होतो, मध्येच बंद पडतो किंवा पुन्हा पुन्हा सुरू होतो. चित्र येतं आणि जातं. अशा वेळी आपण उगीच केबलला दोष देतो.

रास्पबेरी पाय ४ ला ५ व्होल्ट आणि ३ अँपिअर देणारा अ‍ॅडॉप्टर लागतो. पाय ३ साठी ५ व्होल्ट, २.५ अँपिअरचा. घरातला मोबाइलचा फास्ट चार्जर मोठ्या वॉटचा असला, तरी तो ५ व्होल्टवर तेवढे अँपिअर देईलच असं नाही. चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा. ‘५ व्होल्ट’ समोर किती अँपिअर लिहिले आहेत, तेच आपल्या कामाचं.

चित्र दिसत असताना कोपऱ्यात छोटी पिवळी वीज चमकली, तर बोर्ड ‘मला वीज पुरत नाही’ असं सांगतोय. पुरवठा साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की ही खूण येते. पेटीला सजावटीची एलईडी पट्टी, स्पीकर, पंखा असं सगळं बोर्डाच्याच यूएसबीतून चालवलं असेल, तर ते काढून पाहा. लांब आणि बारीक चार्जिंग केबलही वीज वाटेत खाते, म्हणून केबल आखूड आणि जाड घ्या.

पाय ३ आणि पाय ४ वर दोन दिवे असतात. लाल दिवा विजेचा आणि हिरवा दिवा मेमरी कार्ड वाचलं जात असल्याचा. लाल दिवा स्थिर आहे, पण हिरवा अजिबात लुकलुकत नाही, तर कार्ड नीट बसलेलं नाही किंवा त्यावर सिस्टीम नाही. वीज बंद करून कार्ड काढा आणि पुन्हा बसवा.

पोर्ट, केबल आणि कन्व्हर्टर

२०१९ साली आलेल्या पाय ४ वर एचडीएमआयचे दोन छोटे पोर्ट आहेत. वीज जिथे जोडतो, त्याच्या शेजारचा पोर्ट पहिला. एकच मॉनिटर असेल तर केबल याच पोर्टमध्ये लावा. हे पोर्ट नाजूक असतात. पेटीत जाड केबल लोंबकळत राहिली, तर तिच्या वजनाने पिन सैल होते. केबल पेटीच्या आतल्या बाजूला क्लिपने अडकवून टाका, म्हणजे पोर्टवर ताण येणार नाही.

जुन्या मॉनिटरला निळा, १५ पिनांचा व्हीजीए पोर्ट असतो. इथे अनेकांची फसगत होते. एचडीएमआयमधून डिजिटल सिग्नल येतो, तर व्हीजीएला अ‍ॅनालॉग लागतो. नुसत्या तारा जोडलेली साधी केबल हे काम करू शकत नाही. आत चिप असलेला कन्व्हर्टरच लागतो. तो एकाच दिशेने चालतो, त्यामुळे विकत घेताना ‘एचडीएमआयमधून व्हीजीएकडे’ असं स्पष्ट सांगा. ‘व्हीजीएमधून एचडीएमआयकडे’ हा वेगळा असतो आणि दिसायला अगदी सारखा!

एचडीएमआय पोर्टमधून कन्व्हर्टरला फार थोडी वीज मिळते. कन्व्हर्टरला वेगळी यूएसबी वायर जोडायची सोय असेल, तर ती वापरा.

मॉनिटरला पांढरा डीव्हीआय पोर्ट असेल, तर काम सोपं आहे. तोही डिजिटल असल्यामुळे साधी एचडीएमआय-डीव्हीआय केबल चालते. आवाजासाठी मात्र स्पीकर वेगळे जोडावे लागतील.

आधी कोण जागं होतं?

आता आमच्या पेटीतला खरा चोर. तो भाच्याने पकडला. तो म्हणाला, ‘‘आजोबा, टेबलावर होतं तेव्हा मॉनिटर आधीपासूनच चालू असायचा ना?’’

अगदी बरोबर. प्रत्येक मॉनिटरमध्ये त्याचं एक छोटं ओळखपत्र असतं, त्याला ‘ईडीआयडी’ म्हणतात. मी कोण, मला कोणत्या आकाराचं चित्र चालतं, ही माहिती त्यात असते. बोर्ड सुरू होताना ते ओळखपत्र वाचतो आणि त्याप्रमाणे चित्र पाठवतो. टेबलावर मॉनिटर आधीच जागा असायचा. पेटीत मात्र एकाच बटणावर दोघं एकदम सुरू व्हायचे. बोर्ड पटकन उठून विचारायचा, ‘‘कोणी आहे का?’’ मॉनिटर अजून डोळे चोळत असायचा. उत्तर आलं नाही की बोर्ड समजायचा, स्क्रीन जोडलेलीच नाही. मग तो चित्रच पाठवायचा नाही.

याची खात्री करणं सोपं आहे. मॉनिटर आधी चालू करा, दहा सेकंद थांबा आणि मग बोर्डाला वीज द्या. चित्र आलं तर कारण सापडलं. आमच्याकडे पहिल्याच प्रयत्नात आलं! बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त चष्मा पुसला आणि पुन्हा स्टुलावर बसले.

सेटिंग बदलताना

रोज आधी मॉनिटर, मग बोर्ड, असं करत बसायचं नसेल तर बोर्डालाच सांगता येतं, ‘उत्तर येवो न येवो, तू चित्र पाठव.’ त्यासाठी बोर्ड बंद करून मेमरी कार्ड काढा आणि कार्ड रीडरने लॅपटॉपला लावा.

विंडोजवर इथे एक धोक्याची जागा आहे. कार्डाचा एक भाग विंडोजला वाचता येत नाही, म्हणून ‘फॉरमॅट करायचं का?’ असा प्रश्न येऊ शकतो. ‘कॅन्सल’च दाबा. होकार दिला तर कार्डावरचं सगळं पुसलं जाईल.

कार्डाच्या ‘बूट’ नावाच्या भागात ‘कॉन्फिग डॉट टीएक्सटी’ ही फाइल असते. आधी तिची एक प्रत लॅपटॉपवर ठेवा. मग ती नोटपॅडमध्ये उघडून शेवटी पुढच्या ओळी लिहा. प्रत्यक्ष फाइलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत लिहायच्या. मधे मोकळी जागा सोडायची नाही आणि जिथे खालची रेघ आहे तिथे ती द्यायची.

एचडीएमआय_फोर्स_हॉटप्लग=१
एचडीएमआय_ग्रुप=२
एचडीएमआय_मोड=३५

पहिली ओळ सांगते की मॉनिटर जोडलेला आहे असंच समज. दुसरी ओळ सांगते की समोर कॉम्प्युटरचा मॉनिटर आहे. टीव्ही असेल तर तिथे १ लिहितात. तिसऱ्या ओळीत चित्राचा आकार ठरतो आणि इथे आपल्या मॉनिटरप्रमाणे आकडा बदलतो. ग्रुप २ मध्ये १०२४ बाय ७६८ साठी १६, १२८० बाय १०२४ साठी ३५, १३६० बाय ७६८ साठी ३९ आणि १९२० बाय १०८० साठी ८२. मॉनिटरचा मूळ आकार त्याच्या मागच्या लेबलवर किंवा माहितीपुस्तिकेत मिळतो. जुने, चौकोनी वाटणारे १७ इंची मॉनिटर बहुधा १२८० बाय १०२४ चे असतात.

बाबांनी पहिल्यांदा घाईघाईत ८२ लिहिलं आणि मॉनिटर ‘आउट ऑफ रेंज’ म्हणाला. पण आता त्याचा अर्थ त्यांना कळत होता. ३५ लिहिल्यावर चित्र पूर्ण स्क्रीनभर आलं.

नव्या सिस्टीममध्ये चित्राचं काम दुसऱ्या ड्रायव्हरकडे गेलं आहे, त्यामुळे तिथे ग्रुप आणि मोडच्या ओळींचा परिणाम होत नाही. तुमच्या ओळी बरोबर असूनही काही फरक पडत नसेल, तर हे कारण असू शकतं. अशा वेळी त्याच भागातल्या ‘सीएमडीलाइन डॉट टीएक्सटी’ या फाइलची प्रत ठेवून, त्यातल्या एकुलत्या एका ओळीच्या शेवटी एक जागा सोडून लिहा: व्हिडिओ=एचडीएमआय-ए-१:१२८०एक्स१०२४@६०डी. इथे ‘व्हिडिओ’ हा शब्द इंग्रजी लहान अक्षरांत, ‘एचडीएमआय-ए’ आणि शेवटचा ‘डी’ मोठ्या अक्षरांत आणि आकड्यांमधला ‘एक्स’ लहान. नवी ओळ सुरू करू नका, सगळं एकाच ओळीत राहिलं पाहिजे.

चित्र आलं, पण नीट नाही

चारही बाजूंनी काळी पट्टी असेल, तर कॉन्फिग फाइलमध्ये ‘डिसेबल_ओव्हरस्कॅन=१’ ही ओळ घाला. टीव्हीवर उलट कडा कापल्या जात असतील, तर टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ असा पर्याय शोधा.

व्हीजीएवर सगळं गुलाबी, हिरवट किंवा पिवळट दिसत असेल, तर एखाद्या रंगाची पिन वाकलेली किंवा सैल असते. प्लग काढून पिना पाहा आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू हाताने नीट आवळा. चित्र एका बाजूला सरकलं असेल, तर मॉनिटरचं ‘ऑटो’ बटण एकदा दाबा.

उभ्या गेममध्ये दोन्ही बाजूंना काळी जागा दिसली, तर तो बिघाड नाही. १९८० सालच्या पॅक-मॅनचं चित्र २२४ बाय २८८ ठिपक्यांचं, म्हणजे उभंच होतं. मूळ मशीनमध्ये स्क्रीनच उभी बसवलेली असायची.

जुना खरा बोर्ड मिळाला असेल तर

काही हौशी लोक पार्लरमधला मूळ गेम बोर्ड मिळवतात आणि त्याभोवती पेटी बांधतात. तो थेट कॉम्प्युटरच्या मॉनिटरला जोडला, तर बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. बोर्ड मेला असं समजू नका. हे बोर्ड सेकंदाला साधारण १५,७०० आडव्या रेघा काढतात. १९८७ साली आलेल्या व्हीजीएची सुरुवातच सुमारे ३१,५०० रेघांपासून होते. दोघांचा वेगच जुळत नाही. मध्ये १५ किलोहर्ट्झचा सिग्नल व्हीजीएमध्ये बदलणारा कन्व्हर्टर बोर्ड लावावा लागतो. विकत घेताना ‘१५ किलोहर्ट्झ आरजीबी चालतो का’ हे विचारून घ्या.

इथे हात लावू नका

मुलांबरोबर हे काम करताना काही नियम पक्के ठेवा. पेटीची मागची फळी उघडण्याआधी प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. २३० व्होल्टची आतली जोडणी आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. थ्री-पिन प्लगच वापरा. जोडपट्टीचे उघडे स्क्रू झाकलेले असू द्या.

जुन्या, पाठीला पोट असलेल्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीचं किंवा मॉनिटरचं झाकण घरी उघडूच नका. रंगीत ट्यूबमध्ये २०,००० व्होल्टच्या पुढे दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो आत साठून राहू शकतो. त्याचा झटका जिवावर बेतू शकतो. ट्यूबचं काम जाणकार मेकॅनिकचंच. घरच्या पेटीसाठी एलसीडी किंवा एलईडी मॉनिटर वापरा.

एका वेळी एकच बदल

बाबांची चूक तशी आपल्या सगळ्यांचीच असते. घाबरून आपण केबलही बदलतो, सेटिंगही बदलतो आणि कार्डही. मग चालू झालं तरी कशामुळे ते कळत नाही आणि नाही चालू झालं तर कुठे होतो तेही आठवत नाही.

भाच्याने शाळेची जुनी वही काढून रकाने आखले. ‘काय बदललं’, ‘मॉनिटर काय म्हणाला’, ‘लाल दिवा’, ‘हिरवा दिवा’. एक बदल, एक नोंद. नाही जमलं तर आधी होतं तसं करायचं आणि मगच पुढचा बदल. मार्गही ठरलेला: आधी वीज, मग कार्ड, मग पोर्ट, केबल, कन्व्हर्टर आणि शेवटी मॉनिटर. विजेपासून स्क्रीनपर्यंत एकेक पायरी चढत गेलं की अडलेली पायरी सापडतेच.

सुट्टी संपून ताई आणि भाचा नागपूरला परतले. ती वही अजून पेटीच्या आत खिळ्याला टांगलेली आहे. मागच्या आठवड्यात एका संध्याकाळी स्क्रीन पुन्हा काळी झाली. मी विचारलं, ‘‘बाबा, कोणाला बोलवायचं का?’’ ते म्हणाले, ‘‘थांब गं, आधी लाल दिवा बघू दे.’’ केबल सैल झाली होती. त्यांनी ती घट्ट केली, वहीत तारीख घालून लिहिलं आणि नातवाला फोन लावला.